ब्रेकवाल्या बाईंचं खरं दुखणं

आमच्या काकूला आजारांची हौस होती. हौस हा शब्द तिला चालायचा नाही. ती म्हणायची, मी फक्त सावध असते. पण एखादीने दुकानात बसून पडद्याचं कापड निवडावं तशी काकू दुखणी निवडायची. पाठ धरली की मूत्रपिंड, डोकं जड झालं की मेंदूला सूज, आणि जेवण जरा जास्त झालं की सरळ हृदय. एकदा आठवडाभर तिचा कान ठणकत होता. कानामागच्या हाडाला काहीतरी भयंकर झालंय असं तिने ठरवून टाकलं होतं. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिचा चष्मा काढला, त्याची काडी किंचित वाकवली आणि परत दिला. हाड बरं झालं. या डॉक्टरांचा तिच्यावर राग नव्हता. ती दारातून येताना दिसली की ते कंपाउंडरला दोन चहा सांगायचे, कारण काकूची तपासणी म्हणजे एक बैठकच असायची.

एवढे आजार सांभाळून ती दिवसभर लोकांना मोटार चालवायला शिकवायची. एक छोटी पांढरी गाडी, टपावर 'शिकाऊ' अशी पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक. तो ब्रेक काकांनी बसवून दिला होता. काकांचं गॅरेज होतं आणि माणसांपेक्षा गाड्यांशी त्यांचं जास्त जमायचं. त्या जादा ब्रेकवरून आमच्या भागात काकूचं नावच 'ब्रेकवाल्या बाई' पडलं होतं. रस्त्यात मांजर आलं की ती ब्रेक दाबायची, आणि मांजर आलं नसलं तरी येईल म्हणून दाबायची. शिकणाऱ्याच्या मनात चूक करायचा विचार यायच्या आत गाडी थांबलेली असायची.

मी तिच्याकडेच शिकले. पहिल्या दिवशी किल्ली फिरवायच्या आधी तिने मला विचारलं की या रस्त्यावर काय काय वाईट होऊ शकतं ते सांग. मी चार-पाच गोष्टी सांगितल्या. उरलेल्या तिने सांगितल्या, आणि त्यात झाडावरून अंगावर माणूस पडण्याचाही समावेश होता. तिच्या हाताखालचं माणूस परीक्षेत सहसा नापास व्हायचं नाही. काकूशेजारी बसून महिना काढल्यावर परीक्षक म्हणजे अगदीच प्रेमळ माणूस वाटायचा.

आम्ही एकाच इमारतीत राहायचो. काका-काकू वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. माझे बाबा म्हणजे काकूचे धाकटे दीर. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि घरी काकूची फिरकी घ्यायचे. संध्याकाळी जिन्यात गाठ पडली की त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, "वहिनी, आज कोणता अवयव?" काकू चिडायची, पण त्या चिडण्यात एक समाधान असायचं. ती जिन्यातच उभी राहून त्या दिवसाचा अवयव सांगायची, बाबा त्यावर काहीतरी टोमणा मारायचे, आणि मग ती म्हणायची की भावजी, एक दिवस मला खरंच काही झालं ना, तर तुमची बोलती बंद होईल. बाबा म्हणायचे, तो दिवस कळवा, मी रजा टाकतो.

तर या काकूच्या उजव्या टाचेवर एक काळा डाग आला.

तो पहिल्यांदा काकांना दिसला. काकू सोफ्यावर आडवी पडून टीव्ही बघत होती आणि पाय सोफ्याच्या हातावर टाकला होता. काका म्हणाले, पायाला ग्रीस लागलंय. गॅरेज त्यांचं, त्यामुळे काकूने आधी त्यांनाच दोष दिला आणि न्हाणीघरात जाऊन टाच घासली. साबणाने घासली, मग दगडाने घासली. डाग जागचा हलला नाही. मग तिने ठरवलं की बुटाच्या अस्तराचा रंग लागलाय, म्हणून बूट बदलले. मग ठरवलं की दिवसभर टाच टेकवून पंजा ब्रेकवर धरते, त्याने रक्त साकळलंय. डाग महिन्यामागून महिने तसाच राहिला आणि हळूहळू पसरला.

गंमत अशी की, उचकी लागली तरी डॉक्टरांकडे जाणारी ही बाई या डागासाठी गेली नाही. जिन्यात बोलली नाही, माझ्या आईला सांगितलं नाही, काकांना तर बजावून ठेवलं की कुठे बोलायचं नाही. का, ते तिने मला पुष्कळ नंतर सांगितलं. म्हाताऱ्या डॉक्टरांच्या बाकावर बसून तिने कधीतरी एक मासिक चाळलं होतं. त्यात कातडीवरच्या वाईट डागांची चित्रं होती, आणि त्यातलं एक अगदी तिच्या टाचेसारखं होतं. खोटे आजार तिने सगळ्या इमारतीला वाटले होते. हा मात्र तिने एकटीने ठेवून घेतला.

ते बाबांच्या लक्षात आलं. एका संध्याकाळी जिन्यात त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि काकू म्हणाली, "काही नाही, बरी आहे," आणि वर निघून गेली. बाबा घरात आले, जेवायला बसले आणि दोन घास खाऊन थांबले.

"वहिनी बरी आहे म्हणाली," ते म्हणाले. "काहीतरी गंभीर आहे."

आई हसली, मीही हसले. बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते थेट गॅरेजवर गेले. काका एका गाडीखाली होते आणि त्यांचे फक्त पाय दिसत होते. बाबा त्या पायांशी बोलायला लागले. आधी हवापाण्याचं बोलले, मग शाळेचं, मग विचारलं की वहिनीला काय झालंय. खालून पान्याचा आवाज येत होता तो थांबला. मग काका गाडीखालूनच म्हणाले, "टाचेवर काळा डाग आहे. वाढतोय. मी कोणाला सांगितलेलं नाही." आणि थोड्या वेळाने, "तू विचारलंस म्हणून."

त्याच दिवशी बाबा मला घेऊन वर गेले. काकूने आधी काकांच्या नावाने बोटं मोडली, मग म्हणाली की तीळ आहे, मग म्हणाली की पाय धुतलेला नाही. बाबा खनपटीलाच बसले. शेवटी तिने मोजा काढला आणि पाय स्टुलावर ठेवला. डाग वालाच्या दाण्यापेक्षा मोठा होता. एका बाजूला काळाभोर, दुसरीकडे तपकिरी, मध्येच करडा, आणि कडा कशाही वाकड्यातिकड्या, समुद्रातल्या एखाद्या बेटाच्या किनाऱ्यासारख्या. बाबांसारख्या भूगोलाच्या मास्तरांसमोर असा आयता नकाशा आला आणि ते एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि त्या दिवशी चहा सांगितला नाही. त्यांनी मोठ्या रुग्णालयातल्या त्वचेच्या डॉक्टरांना लगेच फोन लावला. त्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी दिव्याचं छोटं भिंग टाचेला लावून डाग निरखला, सुन्न करायचं इंजेक्शन दिलं आणि तपासणीसाठी तुकडा काढून पाठवला. निकाल ऐकायला काका-काकूंबरोबर मी आत गेले. बाबा बाहेर थांबले. आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना त्यांनी इतक्या वेळा वाचल्या की आजही त्या त्यांना तोंडपाठ आहेत.

डॉक्टरीण बाईंनी आडवळण घेतलं नाही. म्हणाल्या, याला मेलानोमा म्हणतात. कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात, त्यांचा हा कर्करोग. गोऱ्या कातडीच्या लोकांना तो उन्हाने जास्त होतो आणि पाठीवर, पायांवर दिसतो. आपल्यासारख्या सावळ्या माणसांना तो कमी होतो, पण झालाच तर बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. आणि आपला तळपाय बघतं कोण. म्हणून तो उशिरा सापडतो. काकूने विचारलं की हे ब्रेकमुळे झालं का. त्या म्हणाल्या की सततच्या दाबाचा काही संबंध असावा असं काहींना वाटतं, पण पक्कं कोणालाच माहीत नाही, तेव्हा ब्रेकला दोष देऊ नका.

काका खाली फरशीकडे बघत होते. काकू रडली नाही. ती ताठ बसली, परीक्षकासमोर आपला विद्यार्थी बसतो तशी, आणि म्हणाली, "पेपर कसा असतो ते सांगा. कशाकशाला मार्क आहेत?"

डॉक्टरीण बाई जरा गोंधळल्या, मग त्यांना कळलं. सगळ्यात मोठा प्रश्न खोलीचा, त्या म्हणाल्या. डाग किती पसरलाय यापेक्षा तो कातडीत किती खोल उतरलाय हे महत्त्वाचं. एक मिलीमीटरच्या आत असता तर मी निश्चिंत असते. चारच्या पुढे असता तर मला काळजी वाटली असती. तुमचा एक पॉइंट सहा आहे. दुसरं म्हणजे वरची कातडी फुटून जखम झाली आहे का. ती झालेली नाही, ही जमेची बाजू. काकूने दगडाने घासल्याचं सांगितलं तेव्हा बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. पेशी किती वेगाने वाढतायत तेही बघतात. तो वेग मध्यम होता. आणि मग जांघेतल्या गाठी, म्हणजे सगळ्यांनाच असतात त्या रसग्रंथी. आजार आपल्या जागेवरून निघाला तर बहुधा आधी तिथे पोहोचतो. तो पोहोचलाय का, हे शस्त्रक्रियेच्या वेळीच कळणार होतं.

"जागेचेही मार्क असतात," त्या म्हणाल्या. "तळपायाचा मेलानोमा दंडावरच्यापेक्षा जरा वाईट वागतो. बायकांचं मात्र पुरुषांपेक्षा थोडं बरं निभावतं."

"ऐकलंत?" काकू काकांना म्हणाली. त्या खोलीत तेवढ्यानेच तिला बरं वाटलं.

"आणि वय. तरुण माणसाला थोडा फायदा असतो. तुमचं वय किती?"

आता हे सांगायला हवं की काकू गेली काही वर्षं बावन्न वर्षांची होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं.

"छप्पन्न," ती म्हणाली. काकांनी फरशीवरून मान वर केली. "सत्तावन्न लागेल आता."

"अठ्ठावन्न," काका म्हणाले. त्या भेटीत ते एवढंच बोलले.

डॉक्टरीण बाईंनी अठ्ठावन्न लिहून घेतलं आणि शस्त्रक्रियेचा दिवस ठरला.

त्यानंतर आमच्या इमारतीत एक चमत्कारिक शांतता पसरली. सगळे काकूशी गोड वागायला लागले. आई तिचे कपडे धुवायला मागू लागली. जुने विद्यार्थी फुलं घेऊन यायचे, खुर्चीच्या काठावर बसायचे आणि आवाज खाली आणून बोलायचे. ज्यांना तिने भर चौकात सगळ्यांदेखत झापलं होतं ते सांगायचे की तुमच्यासारखं कोणी शिकवलं नाही. आणि बाबा तर बघवत नव्हते. जिन्यात काकू दिसली की तिच्या हातातली पिशवी घ्यायचे आणि हळूच विचारायचे, वहिनी, कशा आहात. तो जुना प्रश्न त्यांच्या तोंडून नाहीसाच झाला.

काकूने हे थोडे दिवस सोसलं. मग एका रविवारी सकाळी तिने बाबांना वर बोलावलं. मी स्वयंपाकघरात तिची भांडी आवरत होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"भावजी, मी मरणार आहे का?"

"असं काय बोलता वहिनी."

"मग माझ्याशी असे मयताला आल्यासारखे का वागता? डॉक्टरीण बाईंनी सांगितलं ते मला कळलं. एक पॉइंट सहा. गाठीचं अजून माहीत नाही. त्याने मला एवढी भीती वाटली नाही. पण तुमचं तोंड बघितलं की वाटतं, तुम्हा सगळ्यांना काहीतरी जास्तीचं माहीत आहे आणि मलाच सांगत नाही."

मी नळ बंद केला.

"जास्तीचं काही माहीत नाही," बाबा म्हणाले. "मला सुचतच नाही वहिनी. इतकी वर्षं मी तुमची थट्टा केली ती काही झालेलं नाही म्हणून. आता झालंय, तर जीभ रेटत नाही."

"रेटा. होईल सवय."

मग बाबा घसा खाकरून म्हणाले, "अठ्ठावन्न का हो, वहिनी?"

काकू आधी हसली. मग रडली, आणि त्या डॉक्टरीण बाईंसमोरही न रडलेली बाई चांगली हुंदके देऊन रडली. बाबाही रडत होते. मी भांडी तशीच टाकून बाहेर आले तर दोघांनी मला एका सुरात सांगितलं की आत जा.

शस्त्रक्रिया ठीक झाली. डागाभोवतीची बरीच कातडी काढली आणि मांडीची पातळ कातडी टाचेवर लावली. निळा रंग टोचून जांघेतली आजाराच्या वाटेवरची पहिली गाठ कोणती ते शोधलं आणि ती काढून तपासली. तिच्यात त्या पेशींचा एक बारीकसा पुंजका सापडला. हाताला लागणारा नव्हता, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारा. पण होता.

त्या दिवशी डॉक्टरीण बाईंनी हेही सरळ सांगितलं. गाठ स्वच्छ असती तर मार्क जास्त पडले असते, आता थोडे कमी. मात्र पुंजका बारीक आहे, बाकी अंगाच्या तपासण्यांत कुठे काही नाही, आणि आता या आजारावर चांगली औषधं आहेत जी पूर्वी नव्हती. काकूने विचारलं की अशांतले किती वाचतात. त्या म्हणाल्या की पाच वर्षांनी बहुतेक जण असतात, काही नसतात, आणि तुम्ही कुठल्या हे मला आज सांगता येणार नाही. आकडा सगळ्यांचा मिळून असतो, एकट्या माणसाचा नसतो.

"मी शिकणाऱ्याला किती जण नापास होतात ते सांगतच नाही," काकू म्हणाली. "तो आकड्याकडे बघत बसतो आणि गाडी फुटपाथवर चढवतो."

घरी आल्यावर तिने स्वतःच मात्र दोन दिवस कोणाशी बोलणं टाकलं. आम्हीही तिच्या वाटेला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी तिने खिडकीतून ओरडून बाबांना विचारलं की तुमच्या शाळेतल्या त्या नव्या बाईंना अजून गाडी शिकायची आहे का.

पण उजवा पाय टेकवता येत नव्हता. काठी घेऊन जिना उतरणंच एक काम होतं. शिकवणं बंद, तेव्हा घरात बसून ती काकांच्या मागे लागली. त्यांनी चपला कुठे ठेवाव्यात, चहा कितीदा प्यावा, खोकताना तोंड कुठे करावं. काकांनी काही दिवस ऐकून घेतलं आणि मग गॅरेजमध्ये जास्त वेळ घालवायला लागले. आम्हाला वाटलं, कंटाळले. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली आणि काकूला खाली घेऊन ये म्हणाले. पांढरी गाडी अंगणात उभी होती. त्यांनी जादा ब्रेक जागेवरून काढून दुसऱ्या बाजूला नेला होता, डाव्या पायाखाली येईल असा, आणि त्याची पट्टी रुंद करून तिच्यावर रबर चढवलं होतं. उजव्या पायासाठी खाली एक उतरती फळी बसवली होती आणि तिच्यावर मऊ गादी.

"बस," काका म्हणाले. "दाबून बघ."

काकू बसली. दाबला. म्हणाली, घट्ट आहे. काका खाली वाकले, काहीतरी फिरवलं. पुन्हा दाबला. आता सैल आहे म्हणाली. ते पुन्हा वाकले. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. मी जिन्यावर बसून कंटाळले, पण दोघांपैकी कोणालाच घाई नव्हती. शेवटी काकू काही बोलली नाही, त्यावरून बरोबर जमलं असं काकांनी ओळखलं आणि ते हात पुसायला गेले.

मग वर्षभर औषधाची सलाईन. कर्करोगाशी लढायला शरीराच्या पहारेकऱ्यांना जागं करणारं ते औषध होतं. काकूला घेऊन मी जायचे. त्या लांब खोलीत आरामखुर्च्यांची रांग होती आणि तिथे शेजारच्या खुर्चीत एक रंगारी यायचा. इमारती रंगवायचा, काकूपेक्षा बराच तरुण, हसरा. त्याचा डाग पाठीवर होता. बायको वर्षभर सांगत होती की दाखव, आणि तो म्हणायचा की रंगाचा शिंतोडा असेल. आला तेव्हा डाग फुटून रक्त येत होतं, खूप खोल गेला होता, आणि फुप्फुसातही ठिपके होते. काकूने त्याला मोटार शिकवायचं कबूल केलं होतं. तो म्हणायचा, बाई, तुमच्या गाडीला मी फुकटात रंग मारून देईन, पांढरा रंग फार मळतो. मग एकदा त्याच्या खुर्चीत दुसरंच कोणी बसलेलं होतं. काकूने परिचारिकेला विचारलं. परिचारिका नुसती तिच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेली.

घरी आल्यावर काकू आमच्याच मजल्यावर थांबली, बाबांसमोर बसली आणि सगळं सांगितलं. माझ्यापेक्षा वयाने लहान होता, म्हणाली, आणि तरी. बाबांनी टोमणा मारला नाही, समजूतही घातली नाही. त्यांनी ऐकलं. आईने ताट वाढलं आणि काकू आमच्याकडेच जेवली.

त्या औषधाने तिच्या थायरॉइडची गती मंदावली. ती सुस्त झाली, चेहरा सुजला, थंडी वाजायला लागली. रक्त तपासलं तेव्हा ते स्पष्ट दिसलं आणि रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. आता हा एक दुष्परिणाम, कोणीही वैतागलं असतं. पण काकू तो कागद घेऊन म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेली. थायरॉइडचा संशय ती त्यांच्याकडे कैक वर्षांपासून व्यक्त करत होती. तिने कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, मी म्हणत नव्हते? डॉक्टरांनी कागद नीट वाचला, चष्मा काढला, आणि मान्य केलं की हे मात्र तुम्ही म्हणत होता. मग त्यांनी दोन चहा सांगितले. त्या दिवशी काकू जिना चढताना शीळ घालत होती, असं आई सांगते. मला ते खरं वाटत नाही, पण आई खोटं बोलत नाही.

ती पुन्हा शिकवायला लागली, मात्र एक नवी रीत घेऊन. पहिल्या धड्याला, गाडीत बसायच्या आधी, शिकणाऱ्याने बूट-मोजे काढून दोन्ही तळपाय दाखवायचे. मग हात, मग नखं. लोक दचकायचे. काही जण मोज्याला भोक आहे म्हणून दुसऱ्या दिवशी यायचे. बँकेतल्या एका कारकुनाच्या अंगठ्याखाली तिला तपकिरी ठिपका सापडला आणि तिने त्याला इतकं घाबरवलं की बिचारा धडा सोडून रुग्णालयात पळाला. तो साधा तीळ निघाला. त्याने येऊन तिचे आभार मानावेत अशी तिची अपेक्षा होती. त्याने दुसऱ्या शाळेत नाव घातलं, आणि तिथे तो दोनदा नापास झाला हे काकू आजही मिटक्या मारत सांगते.

मधे एकदा आम्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली. पोटरीवर एक गाठ आली. हा आजार परत येताना कधी कधी त्याच वाटेने येतो, हे डॉक्टरीण बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. या वेळी काकूने लपवलं नाही. सकाळी अंघोळ करताना हाताला लागली आणि ओल्या केसांनीच ती जिन्यात येऊन उभी राहिली. निकाल येईपर्यंत काकांनी एका गिऱ्हाईकाच्या गाडीत तेल भरायचं विसरून ती परत दिली, जे त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. गाठ चरबीची निघाली. बाबा म्हणाले, वहिनी, एवढी वर्षं मला शंका होतीच, आज तज्ज्ञांनी लेखी दिलं. काकू त्यांच्यामागे काठी घेऊन धावली, म्हणजे काठी लागत नसतानाही शोधून आणून धावली.

आता पाच वर्षं होऊन गेली. ती किंचित लंगडते. थंडीत टाच दुखते आणि त्या टाचेला खास शिवून घेतलेला बूट लागतो. गेल्या महिन्यात डॉक्टरीण बाईंनी सगळं तपासून सांगितलं की आता दर सहा महिन्यांनी यायची गरज नाही, वर्षातून एकदा या. धोका संपला असं नाही म्हणणार, त्या म्हणाल्या, पण जितकी वर्षं जातात तितका तो कमी होतो. आम्हाला आनंद झाला. काकूचा चेहरा पडला. तिने विचारलं की माझं काही चुकलं का. त्यांनी समजावलं. मग तिने विचारलं की निदान आठ महिन्यांनी आलं तर चालेल का. बाई हसल्या आणि चालेल म्हणाल्या.

सध्या त्यांच्या घरात गाडीवरून धुसफूस चालू आहे. पांढरी गाडी म्हातारी झाली आणि काकांनी एक नवी बघून ठेवली आहे. त्यांना करडी हवी, कारण मळ दिसत नाही. काकूला लाल हवी, कारण समोरच्याला लांबून दिसली पाहिजे. काकांनी मत विचारलं म्हणून बाबा वर गेले होते. ते लाल म्हणाले, मग काकांचा चेहरा बघून करडी म्हणाले, आणि आता दोघंही त्यांच्याशी बोलत नाहीत.